मूळ माप

"वजन कधीपासून उतरतंय?" डॉक्टरांनी विचारलं आणि पेनचं टोपण काढून ते थांबले.

प्रश्न काकूंना होता, पण डॉक्टरांनी पाहिलं फरककाकांकडे. घरातला माणूसच खरं सांगतो, असा त्यांचा अनुभव असावा. फरककाका काकूंकडे बघायला लागले. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, रुग्णवाहिका उभी करायची रिकामी जागा होती फक्त.

"तसं काही फार नाही," काकू म्हणाल्या. "वय झालं आता."

डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं. आकडा बघितला, जुन्या कागदावरचा आकडा बघितला आणि पेन तसंच खिशाला लावलं. फरककाकांनीही दोन्ही आकडे पाहिले. आता वजाबाकी काही त्यांना कुणी शिकवायला नको होती. उभा जन्म त्यांनी दुसरं केलं काय होतं?

फरककाका हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे उरलं नव्हतं. डोंगरावरच्या वेधशाळेत ते निरीक्षक होते. मोठे शास्त्रज्ञ यायचे, चार दिवस राहायचे, जायचे; काका तिथेच असायचे. रात्री दुर्बीण शेजारच्या दीर्घिकांची चित्रं घ्यायची. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची एकेक वस्ती. शेजारच्या म्हणायच्या आपलं, प्रकाशालाही तिथून निघून आपल्यापर्यंत यायला कोट्यवधी वर्षं लागतात. सकाळ झाली की काका चहाचा कप घेऊन पडद्यासमोर बसत. रात्रीचं ताजं चित्र घ्यायचं आणि त्याच दीर्घिकेचं जपून ठेवलेलं जुनं चित्र त्यातून वजा करायचं. त्या जुन्याला सगळे मूळ चित्र म्हणत. जे होतं तसंच आहे, ते सगळं पुसलं जाई आणि पडदा कोरा राखाडी दिसे. कधी तरी, फार क्वचित, त्या राखाडीत एकच ठिपका उरे. आधी नव्हता, आता आहे. तो सुपरनोव्हा, मरताना फुटलेला तारा. फुटतो तेव्हा आपल्या अख्ख्या वस्तीच्या तोडीचा उजेड पाडतो आणि मग विझत जातो.

सकाळी जो तो दारातून डोकावून विचारायचा, "काका, काही फरक?" आणि काका म्हणायचे, "काही नाही, सगळं आहे तिथे आहे." ते नाव असं पडलं.

काकू पायथ्याच्या कर्मचारी वसाहतीत शिवणकाम करत. नवे कपडे फार नाही. सैल झालेले आत घेणं, घट्ट झालेले सोडणं, हेच जास्त. अर्ध्या वसाहतीची मापं त्यांना तोंडपाठ होती. कुणाचं पोट सुटलंय आणि कुणाचं कुणाशी बिनसल्यामुळे जेवण तुटलंय, हे त्यांना इतरांच्या आधी कळे, पण इकडचं तिकडे करायची त्यांना सवय नव्हती. काका उशिरा सकाळी घरी येत, जेवत आणि जाड काळे पडदे ओढून झोपत. ते झोपले की काकू मशीन बंद ठेवून हातशिलाई करत. एकदा काकूंनी नवा चष्मा घेतला. आठवडा उलटला तरी काकांच्या ते ध्यानात येईना. शेवटी काकूंनीच चष्मा काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. "शेजारच्या दीर्घिकेतला ठिपका दिसतो तुम्हाला," त्या म्हणाल्या, "शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय ते तेवढं बघत जा." दोघंही हसली होती तेव्हा. वसाहतीत ही गोष्ट बरेच दिवस पुरली.

आणि मग ते कॅमेऱ्याचं वर्ष आलं.

दुर्बिणीला नवा कॅमेरा बसला. जुना कॅमेरा आणि नवा कॅमेरा यांचं काही पटेना. जुनं मूळ चित्र नव्यातून वजा केलं की पडदाभर ठिगळं उरत. तेव्हा काकांनी ठरवलं की मूळ चित्रंच नव्याने बनवायची. नव्या कॅमेऱ्याची पाच-सहा चित्रं एकावर एक रचायची, झालं मूळ चित्र तयार. महिनाभर खपून त्यांनी सगळा संच उभा केला. त्यातली एक दीर्घिका तेव्हा नुकतीच सूर्याआडून बाहेर आली होती. त्याआधी काही महिने ती सूर्याच्या झगमगाटात होती, जगात कुणालाच दिसत नव्हती. तिची पहिलीच चित्रं रचून काकांनी मूळ चित्र केलं आणि तिथेच घात झाला.

ती सूर्याआड असतानाच तिच्यातला एक तारा फुटला होता. काही तारे फुटल्यावर लगेच विझत नाहीत, महिने न् महिने एकसारखे तेवत राहतात. हा त्यातला होता. म्हणजे काकांच्या मूळ चित्रात तो आधीच येऊन बसलेला. रोज सकाळी काका त्याच्यातून त्यालाच वजा करत आणि पडदा कोरा बघून समाधानाने चहा पीत. दूरच्या दुसऱ्या वेधशाळेने त्याची घोषणा केली, तेव्हा काकांनी वजाबाकी बाजूला ठेवून नुसतं चित्र उघडलं. दीर्घिकेच्या कडेला तो ढळढळीत उभा होता. चष्मा न लावता दिसला असता.

वेधशाळेचे प्रमुख म्हणाले, "होतं असं कधी कधी." त्याऐवजी ते चिडले असते तर काकांना बरं वाटलं असतं. काकांनी मनाला लावून घेतलं. सगळी मूळ चित्रं पुन्हा करायला घेतली, गेल्या वर्षीच्या चित्रांशी एकेक ठिपका ताडून. घरी येत ते नुसते जेवण्या-झोपण्यापुरते, आणि जेवतानाही तोंडात तोच विषय. काकू ऐकून घेत. एका दुपारी काठ दुमडता दुमडता त्यांनी विचारलं, "म्हणजे रोज बघत होतात म्हणूनच दिसला नाही ना?"

"हो, तसंच म्हणायचं."

"मग तुमची काय चूक त्यात?" काकू म्हणाल्या आणि दातांनी दोरा तोडला.

काकांना तेव्हा त्या बोलण्याने खरंच हलकं वाटलं होतं. ते पडदे ओढून गाढ झोपले.

डोंगराच्या खालच्या सपाटीवर मोठमोठ्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण होती आणि तिच्यावर एक तरुण बाई काम करायची. तिला सगळे रेडिओताई म्हणत. घोषणा झाली त्याच दिवशी तिने तबकड्या त्या ताऱ्याकडे वळवल्या. काही ऐकू आलं नाही. तिने काकांना समजावून सांगितलं होतं की अशा ताऱ्याचा रेडिओ आवाज त्याच्या स्वतःपासून येतच नाही. मरायच्या आधीच्या वर्षांत तारा आपल्या अंगावरचा वायू थोडा थोडा उतरवून टाकत असतो. तो वायू त्याच्याभोवती लांब कुठे तरी, अंधारात, कुणालाही न दिसता पसरलेला राहतो. फुटल्यावर स्फोटाची लाट जाऊन त्याच्यावर आदळली की मग आवाज उठतो. आवाज लगेच आला तर वायू जवळ होता. उशिरा आला तर लांब. नाहीच आला तर तीही नोंद करायची. आणि तिने ती केली: काही नाही. पुढच्या खेपेलाही काही नाही. पण तबकड्या वळवायचं तिने सोडलं नाही. मध्येच फोन करून म्हणायची, "काका, तुमचा तारा अजून गप्पच आहे हो." तो आपला नाही, आपण तर त्याला पुसत बसलो होतो, हे काका तिला दर वेळी ऐकवत.

त्यानंतर काही महिन्यांनी काकू वसाहतीच्या जिन्यात मध्येच बसल्या. पिशवी मांडीवर घेऊन बसल्या, त्या उठेनातच. शेजारणीने काकांना झोपेतून उठवलं. आणि दोघं जाऊन बसली ती डॉक्टरांपुढे, जिथे काकांना एका साध्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही.

पोटात गाठ होती. पसरली होती. डॉक्टर सरळ माणूस होते, त्यांनी आशाही दाखवली नाही आणि भीतीही घातली नाही. लवकर आला असतात तर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मुलगी दुसऱ्या शहरात शाळेत शिकवायची. ती मिळेल त्या गाडीने आली. आईला बघितलं आणि बाहेर येऊन दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात वडिलांसमोर उभी राहिली. ती ओरडली नाही. तिचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, पण त्या दिवशी तो काकांपुरताच होता.

"बाबा, तुमचं सगळं आयुष्य फरक ओळखण्यात गेलं. तुम्हाला दिसलं कसं नाही?"

काका भिंतीकडेच्या बाकावर बसले.

"मी इथे असते तर पहिल्या दिवशी ओळखलं असतं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

काकू त्यानंतर फार राहिल्या नाहीत. शेवटच्या दिवसांत त्या बोलत तेही शिवणाचंच. अमकीचा झगा अर्धवट राहिलाय, तमकीची बाही जोडायची आहे, नेऊन द्या. काकांनी एकदा धीर करून विचारलं, "तुला कधी कळलं?" काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि डोळे मिटले. झोप लागली की सांगायचं नव्हतं, कोण जाणे. मग एका सकाळी त्या गेल्या. माणसं आली, भेटून गेली, घर रिकामं झालं. मुलगी आणि काका दोघंच उरली.

मुलगी कामाला वाघीण. तिने आठवड्याची रजा वाढवून घेतली आणि आईचं सगळं आवरायला काढलं. वडिलांचं जेवणखाण ती वेळच्या वेळी बघे, औषध हातात देई, आणि कामापलीकडे एक शब्द बोलत नसे. काकांना त्या न बोलण्याची धास्ती बसली. दोन दिवसांनी ती परत जाणार होती. व्हरांड्यातला तो प्रश्न तसाच घेऊन ती गाडीत बसली, तर पुढे येईल ती सणसमारंभाला येतात तशी येईल, बसेल आणि जाईल. आपली म्हणून येणार नाही. हे काकांना स्वच्छ दिसत होतं. इतक्या वर्षांत एवढं स्वच्छ त्यांना कधी काही दिसलं नव्हतं. पण उत्तरच नव्हतं तर देणार काय? दिसलं नाही हे खरंच होतं. रात्रभर वर, दिवसभर काळ्या पडद्यांत, आणि मध्ये ताटावर बसल्या बसल्या जेवढी बायको दिसायची, ती कालच्यासारखीच दिसायची.

त्या सकाळी मुलगी आतल्या खोलीत कपाट उपसत होती आणि काका बाहेर नुसते बसले होते. फोन वाजला. रेडिओताई होती.

"काका, आत्ता सांगू की नको असं झालं होतं मला," ती चाचरत म्हणाली. "पण तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको. आला आवाज. चांगला खणखणीत आला."

काकांना क्षणभर समजेना ती कशाबद्दल बोलतेय. मग समजलं.

ती सांगत राहिली. लाट आत्ता कुठे त्या वायूपर्यंत पोचली होती. आवाजाच्या जोरावरून आणि लागलेल्या वेळावरून आता हिशेब मांडता येणार होता: मरायच्या किती आधी ताऱ्याने उतरवायला सुरुवात केली, किती उतरवलं, मध्ये थांबला होता का. वरवर बघता पहिल्याच खेपेला बरंच गेलं असावं, असा तिचा अंदाज होता.

"आधी कुणाला कळलं असतं का?" काकांनी विचारलं.

"कसं कळणार? बाहेरून तो होता तसाच दिसत असणार. हे फुटल्यानंतरच कळतं, काका."

काकांनी तिचे आभार मानले. तिने विचारलं, जेवलात का. ते हो म्हणाले, जेवायला अजून अवकाश होता तरी.

आतून मुलीने विचारलं, "कुणाचा फोन?" पुष्कळ दिवसांत तिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. काका दारात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तिला ताऱ्याचं सांगितलं. काय सांगायचं दुसरं? कॅमेऱ्याचं सांगितलं, मूळ चित्राचं सांगितलं, आपण त्याला रोज कसे पुसत होतो ते सांगितलं, आणि आता आवाज आल्याचं. मुलगी पलंगावर कपड्यांच्या ढिगात बसून ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे हात घड्या घालायचं थांबले, कारण तिच्या हातात आईचा निळा ड्रेस होता, बाहेर जाताना घालायचा. तो तिने सवयीने उलटा केला होता. आईची पोर ती, कपडा आधी उलटा करून शिवण बघणार.

"बाबा," ती म्हणाली, "दिवा लावा जरा. नाही, पडदाच काढा."

काकांनी काळा पडदा सारला. मुलीने ड्रेसची बाजू उजेडात धरली. कडेची पहिली टीप होती ती जुनी, शिवतानाची. तिच्या आत दुसरी टीप होती. तिच्या आत आणखी एक. तिच्याही आत दोन. एकीच्या आत एक, बगलेपासून खालपर्यंत, सगळ्या सरळ, एकही वाकडी नाही. काकूंचा हात होता तो.

"आत घेत गेली," मुलगी म्हणाली. "जसजशी उतरत गेली तसतसा आत घेत गेली. म्हणून अंगावर नेहमी नीट बसायचा." तिने दुसरा ड्रेस ओढला, उलटा केला. त्याचंही तेच. घरात घालायच्या झग्याचंही तेच.

काका खाली बसले. बाईने थोडं थोडं करून मूळ चित्रच बदलत नेलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि तेही त्याच दिवसांत, ते स्वतः ताटावर बसून आपल्या एका चुकीचं रडगाणं गात असताना. त्यांना तो दातांनी तोडलेला दोरा आठवला. मग तुमची काय चूक त्यात. त्यांना रडू फुटलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

मुलगी मात्र रडत नव्हती. ती नखाने टिपा चाचपत होती. आतल्या दोन टिपा फिकट निळ्या दोऱ्याच्या होत्या, बाहेरच्या गडद.

"हा फिकट दोरा मी आणलेला," ती म्हणाली. "सुट्टीत आले होते तेव्हा दोऱ्यांचा डबा आणला होता, त्यातला. तिच्याकडचा गडद संपत आला होता." मग तिने गडद टिपांवरून बोट फिरवलं. "म्हणजे ह्या त्याच्या आधीच्या."

काकांनी डोळे पुसले आणि पुढे वाकून पाहिलं.

"मला सोडायला आली होती स्टँडवर, हाच घालून. मी तिला म्हटलं, आई, किती छान बसलाय गं तुला." मुलीने ड्रेस मांडीवर घेतला. "आधीच दोनदा आत घेतला होता तिने. आणि मी म्हटलं, किती छान बसलाय."

बाहेर वसाहतीतल्या कुणाच्या तरी नळाचं पाणी वाहत होतं. मग मुलगी सरकली आणि काकांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली.

"मलाही दिसलं नाही, बाबा," ती म्हणाली.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शाळेत जायला लागल्यापासून तिने कुणाला डोक्यावर हात ठेवू दिला नव्हता. आज ठेवू दिला.

"पण कापड का नाही कापलं तिने?" काका थोड्या वेळाने म्हणाले. त्यांना शिवणातलं फार कळत नसे, पण इतरांचे कपडे आत घेतल्यावर काकू जादा कापड कापून टाकत, हे त्यांनी पाहिलेलं होतं. इथे ते सगळं आत दुमडून ठेवलेलं होतं.

मुलीने शिवण पुन्हा पाहिली. "हो. शिवणीत एवढी माया कुणी ठेवत नाही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "पुन्हा सैल करायला लागेल असं वाटलं असेल तिला. बरं वाटल्यावर."

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हा ड्रेस आठवण म्हणून मागितला होता. त्यांना तो द्यायचा तर सोडावा लागणार होता. मुलीने आईच्या डब्यातून टाके सोडवायची उसवणी काढली, तशीच हातात धरून बसली आणि वडिलांकडे पाहिलं.

"उसवू का? की राहू दे असाच?"

काकांनी विचार केला. "उसव," ते म्हणाले. "पण द्यायचा नाही कुणाला."

मुलीने आधी फिकट टिपा काढल्या, मग गडद. टाका टाका मोकळा होत गेला आणि दोऱ्याचे तुकडे दोघांच्या मध्ये जमिनीवर पडत राहिले. शेवटी कडेची पहिली टीप तेवढी उरली. मुलीने ड्रेस सुलटा करून झटकला आणि काकांच्या हातात दिला. जिथे जिथे टिपा होत्या तिथे सुईच्या भोकांच्या रांगा राहिल्या होत्या. त्या काही आता जाणाऱ्या नव्हत्या.

काका उठून खिडकीपाशी गेले. त्यांनी ड्रेस दोन्ही खांद्यांना धरून उजेडासमोर उभा केला. तो पार रुंद, ऐसपैस उघडला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. थोड्या वेळाने मुलीने येऊन एक खांदा आपल्या हातात घेतला.

"एवढी होती ती," काका म्हणाले.